गुणगौरवाच्या मंडपात मागे बसलेली मुले

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात आमच्या वस्त्यांच्या नाक्यानाक्यावर फलक लागतात. वर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे छायाचित्र, खाली कार्यकर्त्यांचे हात जोडलेले चेहरे आणि मधोमध ठळक अक्षरात 'गुणवंत विद्यार्थ्यांचा भव्य गुणगौरव समारंभ'. त्याखाली बारीक अक्षरात एक अट असते. ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांनी गुणपत्रिकेच्या झेरॉक्स प्रतीसह नावे नोंदवावीत. ही अट कोणा मनुवाद्याने घातलेली नाही. ती आम्हीच घालतो. आम्हीही ती अनेक वर्षे स्वतःच्या हाताने लिहिली आहे, तिच्या प्रती काढून वाटल्या आहेत आणि त्यात काही चुकते आहे असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

काही वर्षांपूर्वी राहनाळला असाच एक समारंभ होता. भिवंडी शहराला खेटून, अंजूरफाट्याजवळचे हे गाव. एकेकाळी भातशेतीचे, आज जिकडे पाहावे तिकडे गोदामे. या गोदामांत माल चढवणारे-उतरवणारे, पॉवरलूमवर रात्रपाळी करणारे, टेम्पो चालवणारे आमचे समाजबांधव मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून येथे आले आणि भाड्याच्या खोल्यांतून संसार करू लागले. अशाच एका वस्तीतल्या बुद्धविहारासमोर मंडप घातला होता. त्रिसरण-पंचशील झाले, भाषणे झाली. सात मुलांची नावे पुकारली गेली. प्रत्येकाच्या नावापुढे टक्के सांगितले गेले, टाळ्या झाल्या, स्मृतिचिन्हे दिली गेली. ती आमच्याच हस्ते दिली गेली.

समारंभ संपल्यावर खुर्च्या उचलणाऱ्या मुलांत एक ओळखीचा मुलगा दिसला. सकाळी मंडपाच्या दोऱ्या बांधायला तोच होता. सतरंज्या त्यानेच अंथरल्या, पाहुण्यांना पाणीही त्यानेच दिले. विहारातल्या अभ्यासिकेत तो दोन वर्षे येत होता. आम्ही विचारले, "काय रे, तूही यंदा दहावीलाच होतास ना? काय झालं?"

"पास झालो सर. अठ्ठावन्न टक्के."

"मग पुढं का नाही आलास?"

तो हसला. म्हणाला, "आपलं नाय तिथं, सर. ती हुशार पोरं आहेत. आपण त्यातले नाय."

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. एका खोलीत पाच माणसे. वडील गोदामात रात्रपाळीला. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुलगाही त्यांच्याबरोबर जाई. आईने चहा टाकला आणि म्हणाली, "वकीलसाहेब, आमच्या घराण्यात धाव्वी पास झालेलं हे पहिलं लेकरू. म्या पेढे आणायला निघाले तर मला म्हणतो, आई, पेढे वाटू नको. लोक टक्के इचारतील."

लोक टक्के विचारतील! घराण्यातला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा आपल्या आईला पेढे वाटू देत नाही. त्याला शाळेने हाकलले नव्हते, कोणी शिवी दिली नव्हती. उलट तो उत्तीर्ण झाला होता. तरीही त्या आनंदाच्या दिवशी त्याच्या मनात स्वतःविषयी एकच माहिती पक्की होती. आपण 'त्यातले' नाही. ही माहिती त्याला कोणी दिली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बोट दुसऱ्याकडे दाखवणे सोपे आहे. पण त्या रविवारी परत येताना ते बोट आमच्याकडेच वळले होते.

आता थोडे इतिहासाकडे वळू. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक उत्तीर्ण झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. टक्केवारी काढली तर ३७.६ भरते. हा आकडा आमच्या समाजातल्या पुष्कळांना ठाऊक असतो आणि तरीही आम्ही फलकावर ७५ टक्क्यांची अट छापतो. म्हणजे ज्यांचे छायाचित्र फलकाच्या डोक्यावर, त्यांनाच आमच्या मंडपात मागे बसावे लागले असते!

कोणी म्हणेल, त्या काळची मॅट्रिक वेगळी होती, गुण आजच्यासारखे सढळ हाताने दिले जात नव्हते. अगदी बरोबर. आमचेही म्हणणे तेच आहे. एका काळाचा आकडा उचलून दुसऱ्या काळाच्या आकड्याशेजारी ठेवणे जसे चूक, तसेच एका घरातल्या मुलाचा आकडा उचलून दुसऱ्या घरातल्या मुलाच्या आकड्याशेजारी ठेवणेही चूक. आकडे सारखे दिसतात, त्यांच्यामागची वाट सारखी नसते.

त्या वेळच्या समाजाने काय केले तेही आठवावे. आपला एक मुलगा मॅट्रिक झाला याचाच आनंद म्हणून सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. त्या सभेत टक्क्यांची अट नव्हती. ती असती तर ते पुस्तक त्या दिवशी त्या हातात पडले नसते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले त्याची एक मुळी या साध्या सत्कारापर्यंत जाते, हे आम्ही विसरू नये.

शाळकरी मूल स्वतःला कसे ओळखते? घरात असते तेव्हा आईच्या नजरेतून. शाळेत गेले की शेजारच्या बाकाकडे पाहून. पहिली-दुसरीतले मूल बिनधास्त सांगते की मला सगळे येते. सात-आठ वर्षांचे झाले की ते इतरांच्या वहीत डोकावू लागते. त्याचे गणित बरोबर, माझे चूक. त्याचा डबा स्टीलचा, माझा प्लास्टिकचा. त्याला बाई नावाने हाक मारतात, मला 'ए मागच्या' म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडले की, माणसाला आपली कुवत मोजायला नेमके माप मिळाले नाही की तो दुसऱ्या माणसालाच माप करतो. मोठी माणसे हे करतात, तर लहान मुले का करणार नाहीत? तेव्हा मुलांनी तुलना करूच नये असा उपदेश निरर्थक आहे. खरा प्रश्न असा, की तुलनेची मोजपट्टी मुलाच्या हाती कोण देते?

मोजपट्टी बदलली की तेच मूल वेगळे दिसते. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शाळांचा अभ्यास करून दाखवले की, सारख्याच कुवतीची दोन मुले घेतली तर जे मूल 'वरच्या' मुलांच्या शाळेत जाते ते स्वतःला अभ्यासात कमी समजू लागते आणि जे साध्या शाळेत राहते ते स्वतःला बरे समजते. कुवत तीच, शेजारचा बाक वेगळा.

हे आम्ही आमच्या तालुक्यात डोळ्यांनी पाहिले. एका माथाडी कामगाराच्या मुलीला शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून इंग्रजी माध्यमाच्या एका खासगी शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला. अर्ज भरण्यापासून कागदपत्रांपर्यंत आम्ही बरोबर होतो. घरात आनंदीआनंद झाला. ती चौथीत गेली तेव्हा तिची आई सांगत आली की, पोरगी म्हणते तू शाळेच्या फाटकापर्यंत येऊ नको, कोपऱ्यावरच थांब. वर्गातल्या मैत्रिणींच्या आया स्कूटरवरून येत, इंग्रजीत बोलत. त्याच वस्तीतली, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जाणारी तिच्या वयाची दुसरी मुलगी मात्र वर्गाची मॉनिटर होती आणि विहारात माईक हातात घ्यायला पुढे पळत असे. यावरून खासगी शाळेत जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तो हक्क संसदेने दिला आणि १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट देऊ केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली. हक्क लढून टिकवला आहे, तो वापरलाच पाहिजे. पण प्रवेश मिळवून दिला की आपले काम संपले असे आम्ही समजलो, ती आमची चूक. त्या मुलीला वर्गात रोज काय मोजले जाते आणि ती रोज कुठे कमी पडते, हे विचारायला कोणी गेले नाही.

या तुलनेतली खरी लबाडी अशी. वर्गात दोन मुले शेजारी बसतात आणि दोघांना एकच प्रश्नपत्रिका मिळते, म्हणून आम्हाला वाटते की तुलना दोन मुलांची आहे. प्रत्यक्षात ती दोन घराण्यांची असते. एकाचे आजोबा हेडमास्तर, वडील बँकेत, आई गणित घेऊन बसणारी, घरात अभ्यासाचे टेबल, शिकवणीचे दोन वर्ग. दुसऱ्याचे आजोबा गावकीच्या कामात, वडील गोदामात, आई चार घरची धुणीभांडी करून दमलेली, एका खोलीत टीव्ही, चूल आणि धाकटी भावंडे. या मुलाला ५८ टक्के मिळाले तर त्याने किती मजल मारली? हे गणित गुणपत्रिकेत नसते. मुलाला ते कोणी सांगत नाही. मग मूल त्याच्या परीने हिशेब करते आणि पिढ्यांची सगळी तूट स्वतःच्या डोक्याच्या खात्यावर मांडते. 'आम्हाला शिकू दिले नाही' हे वाक्य त्याच्या मनात 'मला शिकता येत नाही' असे होऊन बसते. जातिव्यवस्थेला याहून सोयीचे दुसरे काय असणार? जे काम पूर्वी तिला दंडुका घेऊन करावे लागे, ते आता मूल स्वतःच स्वतःविरुद्ध करते.

यावर 'हे सगळे मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले सवर्ण, निम्मी चर्मकार समाजाची. सुटणाऱ्या कोड्यांप्रमाणे पैसे मिळणार होते. मुलांची जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. पण सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि जात वाचून दाखवली तेव्हा आमच्या मुलांची कामगिरी सुमारे एक पंचमांशाने घसरली. मुले तशीच होती आणि कोडीही तशीच होती. फक्त चारचौघांत जात पुकारली गेली होती. हा अभ्यास २००४ साली जागतिक बँकेतर्फे प्रसिद्ध झाला. 'गुणवत्ता, गुणवत्ता' असा घोष करणाऱ्यांच्या हाती तो कोणीतरी ठेवला पाहिजे.

अमेरिकेत याच मुद्द्यावर न्यायालयात लढाई झाली. केनेथ क्लार्क आणि मॅमी क्लार्क हे कृष्णवर्णीय दाम्पत्य मानसशास्त्रज्ञ होते. दोघांनी डॉक्टरेट मिळवली ती बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठात. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारले, चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. 'तुझ्यासारखी कोणती' हा प्रश्न आला तेव्हा काही मुले रडू लागली. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. मुलांना वेगळे काढल्याने त्यांच्या मनात कमीपणाची भावना रुजते, हे निकालाचे एक कारण होते आणि त्याच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख होता. मुलाच्या मनातला कमीपणा ही खासगी बाब नसून तो समान हक्काचा प्रश्न आहे, हे त्या न्यायालयाने मान्य केले.

आमच्याकडे मुलांना वेगळे काढण्याचे प्रकार किती साधे दिसतात पाहा. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की वर्गात शिक्षक म्हणतात, "एससीची मुलं उभी राहा." चाळीस मुलांत सहा-सात उभी राहतात. बाकीची त्यांच्याकडे पाहतात. शिक्षकाच्या मनात वाईट नसेलही, पण उत्तर प्रदेशातल्या त्या प्रयोगात जे मुद्दाम केले गेले ते येथे दरवर्षी विनासायास होते. गणवेशाचे तेच. गणवेश कशासाठी? गरीब-श्रीमंत दिसू नये म्हणून. पण सरकारी शाळांत अनेक वर्षे मोफत गणवेश मुलींना आणि मुलांपैकी फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळत असे. म्हणजे भेद झाकायला निघालेल्या कापडानेच भेद दाखवला. २०२३ साली राज्य सरकारने तो सर्व मुलांना लागू केला, हे चांगले झाले. काही शाळांत गुणांवरून 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी पाडतात. 'ड' तुकडीत कोणाची मुले असतात, ते पालकांनी एकदा हजेरीपट पाहून ठरवावे.

ही सवय पुढेही सुटत नाही. आयआयटीत प्रवेश झाला की 'तुझी रँक किती?' असे विचारतात आणि रँकवरून राखीव जागा, राखीव जागेवरून जात ओळखतात. आयआयटी मुंबईला २०२३ साली विद्यार्थ्यांना सूचना द्यावी लागली की कोणीही कोणाला प्रवेश परीक्षेतली रँक वा गुण विचारू नयेत. राहनाळच्या आमच्या मुलाने आईला जे सांगितले होते, 'लोक टक्के विचारतील', त्याचीच ही मोठी आवृत्ती आहे.

कायदा काय म्हणतो हे वकील म्हणून सांगणे आमचे कर्तव्य आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १७ ने मुलाला मारण्यासच नव्हे, तर त्याचा मानसिक छळ करण्यासही मनाई केली आहे. चारचौघांत 'ढ' म्हणणे, मुद्दाम मागे बसवणे, दुसऱ्याचे उदाहरण देऊन रोज खिजवणे हे त्या कलमाच्या कक्षेबाहेरचे नाही, असे आमचे मत आहे. कलम ८ व ९ नुसार वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांशी भेदभाव होणार नाही हे पाहणे सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. कलम २९ सांगते की मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असले पाहिजे. कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आमचे किती पालक त्या समितीत आहेत? जे आहेत ते बैठकीत खिचडी आणि शौचालय यांखेरीज काय विचारतात? 'शिष्यवृत्तीसाठी मुलांना वर्गात उभे करू नका, पालकांना बोलावून अर्ज भरून घ्या' एवढा एक ठराव घ्यायला पैसा लागत नाही.

येथे एक आक्षेप येतोच. आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, "वकीलसाहेब, जग स्पर्धेचे आहे. तुम्ही मुलांना तुलनेपासून जपाल, तर ती पुढे टिकणार कशी? बाबासाहेब स्पर्धेत उतरले म्हणून जिंकले." या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या मुलांनी कमी अभ्यास करावा, कमी गुणांत समाधान मानावे असे आम्ही म्हणत नाही. पण बाबासाहेब कशाच्या बळावर उतरले ते पाहा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे डबे ठेवलेली सवर्ण मुले आरडाओरडा करत डबे काढायला धावली. त्या वर्गाने दिलेली मोजपट्टी त्या मुलाने स्वीकारली असती तर तो तेथेच संपला असता. त्याने ती नाकारली, कारण त्याच्यामागे मुलाच्या पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारे रामजी सुभेदार होते, वाचनाची गोडी पाहून जवळ करणारे केळुसकर गुरुजी होते. स्पर्धेत उतरायला आधी 'मी उतरू शकतो' हे वाटावे लागते. ते आत्मभान मारून टाकणारी तुलना स्पर्धेची तयारी करत नाही, ती स्पर्धेआधीच हार मानायला शिकवते.

बाबासाहेबांनी हे अनुभवाने जाणले होते. म्हणूनच १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा वसतिगृहे काढणे हे तिच्या पहिल्या कामांत होते आणि १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. वसतिगृहात भाकरी आणि झोपायला जागा तर मिळेच, पण आणखी एक गोष्ट मिळे. शाळेत वर्गाबाहेर बसणारा मुलगा संध्याकाळी आपल्यासारख्याच वीस मुलांत येऊन बसे. येथे त्याला कळे की गणित अवघड जाणारा मी एकटा नाही, आणि माझ्यासारख्याच घरातला तो वरच्या वर्गातला मुलगा ते सोडवतो. ही सुद्धा तुलनाच होती. पण ती खाली ढकलणारी नव्हती, हात देणारी होती. आज आमच्या विहारांतल्या अभ्यासिका हे काम करू शकतात. प्रश्न इतकाच, की आम्ही तेथे वसतिगृहाची रीत चालवतो की 'अ' आणि 'ड' तुकडीची?

आमच्या धम्मात याचे निदान फार पूर्वी झाले आहे. तथागतांनी 'मान' हे मनाला बांधणाऱ्या दहा संयोजनांपैकी एक सांगितले. मान म्हणजे केवळ गर्व नव्हे. मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे, या तिन्ही मोजण्या म्हणजे मान. स्वतःला हीन समजणे यालाही धम्माने नम्रता म्हटलेले नाही, बंधन म्हटले आहे. आणि चूळपंथकाची गोष्ट तर प्रत्येक पालकाने वाचावी. त्याचा थोरला भाऊ महापंथक बुद्धिमान भिक्खू. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. भावाने सांगितले, तुझ्याने हे होणार नाही, विहार सोडून जा. जीवकाकडच्या भोजनाच्या निमंत्रणातही त्याने धाकट्याला धरले नाही. रडत निघालेल्या चूळपंथकाला तथागतांनी थांबवले. त्याला पुन्हा तीच गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते हाताने चोळत राहा म्हणाले. वस्त्र मळत गेले, ते पाहता पाहता त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. जीवकाकडे तथागतांनी पात्रावर हात ठेवला आणि विहारात अजून एक भिक्खू राहिला आहे, त्याला आणा असे सांगितले. मागे राहिलेल्याला आणल्याशिवाय भोजन सुरू झाले नाही. आमचे गुणगौरव समारंभ मात्र मागे राहिलेल्यांना खुर्च्या उचलायला लावून पार पडतात.

त्या पेढ्यांच्या प्रसंगानंतरच्या वर्षी राहनाळला आम्ही अट काढून टाकायचे ठरवले. विरोध झाला. ९१ टक्के मिळवलेल्या मुलीचे वडील म्हणाले, "मग माझ्या मुलीच्या मेहनतीची किंमत काय?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बैठकीत दोन तास चर्चा झाली. शेवटी ठरले की दहावी-बारावीची परीक्षा दिलेल्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला आईवडिलांसह मंचावर बोलवायचे, टक्के पुकारायचे नाहीत, प्रत्येकाने काय पार केले ते दोन वाक्यांत सांगायचे. त्या मुलीबद्दल सांगितले गेले की ती पहाटे चारला उठून अभ्यास करी. दुसऱ्या एकाबद्दल सांगितले की आई आजारी असताना तो स्वयंपाक करून शाळेत जाई. दोघांनाही टाळ्या मिळाल्या आणि मुलीच्या वडिलांनी नंतर तक्रार केली नाही. नापास झालेल्या मुलांनाही बोलावले होते. नऊपैकी दोघेच आले. बाकीच्यांच्या घरी आम्ही नंतर गेलो आणि फेरपरीक्षेचे अर्ज भरून घेतले. राज्य मंडळ २०१५ पासून त्याच वर्षी फेरपरीक्षा घेते, ही सोय नापास मुलापर्यंत आपणच पोहोचवली पाहिजे, कारण ते मूल शरमेने विचारायला येत नाही.

दहावी-बारावीची गुणवत्ता यादी जाहीर करणे मंडळाने केव्हाच सोडून दिले. सरकारी मंडळाला जे उमगले ते आमच्या मंडळांना उमगू नये काय? येत्या निकालानंतर फलक छापायला द्याल तेव्हा ती बारीक अक्षरातली ओळ काढून टाका. घरात 'शेजारच्याला बघ किती पडले' हे वाक्य बंद करा आणि त्याऐवजी 'गेल्या परीक्षेपेक्षा तुला काय जास्त आले' हे विचारा. आणि घराण्याचा इतिहास मुलाला सांगा. आजोबांना शाळेत कुठे बसवले, आजीला शाळा का पाहता आली नाही, हे कळलेले मूल आपली तूट स्वतःच्या डोक्याच्या खात्यावर मांडत नाही.

तो अठ्ठावन्न टक्केवाला मुलगा पुढे कॉमर्सला गेला. आता गोदामातच हिशेबाच्या टेबलावर आहे आणि रविवारी विहारात लहान मुलांचे गणित घेतो. बरा शिकवतो. मुले त्याच्याभोवती गोळा होतात. परवा आम्ही त्याचे कौतुक केले तर म्हणाला, "मी काय हुशार नाय सर, पण ह्यांना समजतं माझं."

इतक्या वर्षांनीही ते वाक्य त्याच्या तोंडातून गेलेले नाही. एका मंडपात, एका दुपारी आम्ही जे त्याच्या मनात पक्के केले ते पुसायला इतकी वर्षे पुरली नाहीत. समाजबांधवांनो, हे ध्यानात ठेवा आणि यंदा मंडपात मागे कोण बसले आहे ते एकदा वळून पाहा.

जयभीम!